नागीण आणि हर्पिसच्या गोळ्या: कोर्स नीट पार पाडायचा कसा

मागच्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना नागीण झाली. वय ७४, वजन जेमतेम ५० किलो, जुना मधुमेह आणि रक्तदाबाची रोजची गोळी. औषध सुरू झालं, फोड सुकायला लागले, आम्ही जरा निवांत झालो. कोर्सच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "अगं, गॅलरीत ती माणसं कधीची बसलीयेत. चहा तरी टाक त्यांना." गॅलरीत फक्त वाळत घातलेली चादर होती.

निदान बरोबर होतं, गोळीही योग्य होती. पण डोस त्यांच्या किडनीला झेपणारा नव्हता. तपासणी करायची कोणाला सुचली नाही आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मी डॉक्टर नाही, कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवते. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून स्वतःचा डोस स्वतः ठरवू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं, एवढ्यासाठी हे आहे.

१. कागदावर 'हर्पिस' दिसलं म्हणून दचकू नका

नागिणीला डॉक्टर केसपेपरवर 'हर्पिस झोस्टर' लिहितात. आमच्या एका नातेवाईकाने फाइल चाळताना तेवढा एक शब्द वाचला आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "हर्पिस म्हणजे तो तसला रोग ना?" सासूबाईंच्या कानावर ते गेलं. नागिणीच्या आगीपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं.

तर, नागीण होते ती लहानपणी कांजिण्या देणाऱ्या विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींमध्ये दबा धरून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असली की तो कधीतरी एका नसेच्या वाटेने वर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. ओठावर किंवा गुप्तांगावर फोड आणणारा 'हर्पिस सिम्प्लेक्स' हा त्याच कुळातला, पण वेगळा विषाणू. दोन्हींवर गोळ्या त्याच तीन: असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर. डोस मात्र प्रत्येक आजाराचा वेगळा, आणि बरेचसे घोटाळे तिथेच होतात.

नागिणीचा अंगाभोवती वेढा पूर्ण होऊन तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. ती एका बाजूच्या नसेवर असते, तिला वेढा घालायचं कारणच नाही. ही गोष्ट सासूबाईंना पटवायला मला तिसऱ्या इयत्तेतल्यासारखी आकृती काढावी लागली.

२. घड्याळ पहिल्या फोडापासून सुरू होतं

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर फायदा सगळ्यात जास्त. यामागचं कारण समजलं की घाई का करायची तेही कळतं. असायक्लोव्हिर पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. विषाणूचंच एक एन्झाइम तिला जागं करतं आणि मग ती त्याची नवी प्रत बनण्याचं काम अडवते. म्हणजे विषाणू वाढत असेल तिथेच तिचा उपयोग. एकदा त्याचं वाढून झालं आणि नसेची नासधूस झाली की गोळीच्या हाती फारसं राहत नाही. चेतापेशीत झोपलेल्या विषाणूला तर ती हातही लावत नाही, त्यामुळे हर्पिस मुळासकट जात नाही. (ज्या संशोधनातून ही गोळी निघाली त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. वर्गात मुलींना सांगायला मला हे नाव फार आवडतं.)

आमचा वेळ कसा गेला ते सांगते. गुरुवारी डाव्या छातीखाली दुखायला लागलं. हृदयाचं असेल म्हणून ईसीजी काढला, तो नीट निघाला. स्नायू आखडलाय म्हणून चोळायला जेल मिळालं. शनिवारी सकाळी तिथेच लाल चट्टा आणि त्यावर पाण्याच्या फोडांचा झुबका. शेजारच्या काकू म्हणाल्या, गेरू कालवून लावा, दोन दिवसांत विझते. लावला. मग रविवार. सोमवारी दुपारी त्वचारोगतज्ज्ञांकडे पोहोचलो तेव्हा ५५ तास होऊन गेले होते, आणि फोडांवर गेरूचा थर असल्यामुळे आधी तो पुसण्यात वेळ गेला.

त्वचेवर काही दिसण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखू शकतं, जळजळू शकतं, कपड्याचा स्पर्श नकोसा होतो. एकाच बाजूला असं होत असेल तर रोज आंघोळीच्या वेळी ती जागा उजेडात बघा. फोड दिसला की तारीख-वेळ टाकून मोबाइलवर फोटो काढा. रविवार असला तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तो विभाग रविवारीही चालू असतो.

७२ तास उलटून गेले असले तरी हात झटकू नका. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याजवळ आली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर नंतरही गोळी सुरू करतात.

३. जाताना पिशवीत काय न्यायचं

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. नावं तोंडपाठ असली तरी पट्ट्याच न्या. आयुर्वेदिक काढे, चूर्णंसुद्धा.
- शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, ज्यात 'सिरम क्रिएटिनिन' आहे (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा).
- आजचं वजन. वाण्याकडच्या काट्यावर केलं तरी चालेल, पण अंदाज नको.
- पहिल्या फोडाचा फोटो.
- कशाची अॅलर्जी असेल तर त्या औषधाचं नाव.
- किडनी, यकृत, प्रत्यारोपण, कर्करोग, गर्भारपण यांपैकी काही असेल तर त्याची फाइल. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका, बसल्या बसल्या सांगा.

आम्ही यातलं काहीही नेलं नव्हतं. दवाखाना तुडुंब भरलेला, आमचा नंबर आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. "शुगर, बीपी?" "आहे, गोळ्या चालू आहेत." संपलं. सात महिन्यांपूर्वीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट तेव्हा घरी कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या फाइलमध्ये होता.

४. क्रिएटिनिन: कागदावर लहान दिसणारा आकडा

ही पायरी मी सगळ्यात लांब लिहिणार आहे.

या तिन्ही गोळ्या शरीराबाहेर पडतात त्या मुख्यतः किडनीतून. किडनी मंद असेल तर औषध रक्तात साचत जातं. साचलं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, असायक्लोव्हिरचे बारीक स्फटिक किडनीच्याच नलिकांत अडकतात आणि ती आणखी मंदावते. दोन, औषध मेंदूवर परिणाम करतं: गोंधळ, असंबद्ध बोलणं, हात थरथरणं, झोकांड्या जाणं, नसलेली माणसं दिसणं. हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं आणि घरातले म्हणतात, "वय झालंय, तापाची गुंगी आहे."

आमच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन होतं १.७. सगळ्यांनी ते "थोडंसं वाढलंय" म्हणून सोडून दिलेलं. पण किडनीची क्षमता काढताना नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही, वय आणि वजनही धरतात. डॉक्टर वापरतात ते एक जुनं सूत्र आठवीच्या मुलालाही करता येईल:

(१४० − वय) × वजन ÷ (७२ × क्रिएटिनिन), आणि बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं.

सासूबाई: १४० − ७४ = ६६. ६६ × ५० = ३३००. ७२ × १.७ = १२२.४. भागाकार साधारण २७, त्याला ०.८५ ने गुणलं की २३.

आता हेच १.७ माझ्या ४० वर्षांच्या, ७५ किलोच्या दिरांचं आहे असं समजा. १०० × ७५ = ७५००, भागिले १२२.४, उत्तर ६१.

रिपोर्टवर दोघांचाही आकडा १.७. एकाची किडनी ६१ वर, दुसरीची २३ वर. नागिणीसाठी व्हॅलासायक्लोव्हिरचा नेहमीचा डोस १ ग्रॅम, दिवसातून तीनदा. सूत्रातून आलेलं उत्तर ५० च्या खाली गेलं की डोस कमी करायचा असतो: ३० ते ४९ मध्ये दिवसातून दोनदा, १० ते २९ मध्ये दिवसातून एकदाच. म्हणजे सासूबाईंना दिवसाला एक ग्रॅम पुरेसा होता, त्या तीन ग्रॅम घेत होत्या. असायक्लोव्हिरचं आणि फॅमसायक्लोव्हिरचं कोष्टक वेगळं आहे, तेव्हा हे आकडे तिकडे लावू नका.

अलीकडे बऱ्याच लॅब रिपोर्टवर 'ईजीएफआर' नावाचा, किडनीच्या क्षमतेचा अंदाज देणारा आकडा छापून देतात. तो ६० च्या खाली असेल तर चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: "किडनीप्रमाणे डोस कमी करायचा का?" एवढं एक वाक्य. यात कुणाचा अपमान नाही. माझ्या अनुभवात चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

ताजा रिपोर्ट नसेल आणि वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह-रक्तदाब असेल, तर त्याच दिवशी रक्त द्या. क्रिएटिनिनला उपाशी राहावं लागत नाही, घरी येऊन रक्त नेणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि रिपोर्ट सहसा त्याच दिवशी मोबाइलवर येतो. तोवर पहिला डोस घ्यायचा की थांबायचं ते डॉक्टरांनाच विचारा. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना नंतर नागीण झाली तेव्हा त्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, पहिली गोळी आत्ता घ्या, रक्त आत्ता द्या, पुढचं संध्याकाळी रिपोर्ट बघून सांगते. मला ती पद्धत फार शहाणपणाची वाटली.

५. चिठ्ठी दुकानाबाहेरच वाचा

नागिणीचा पूर्ण डोस किडनी चांगली असलेल्या मोठ्या माणसाला साधारण असा असतो: असायक्लोव्हिर ८०० मिलीग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, ७ दिवस, किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, ७ दिवस. म्हणजे असायक्लोव्हिरच्या कमीत कमी ३५ गोळ्या लागतात, इतर दोन्हींच्या २१. घेताना मोजा. पट्टीत बऱ्याचदा तीन किंवा पाचच गोळ्या असतात आणि छोट्या दुकानात एवढा साठा नसतो. "उरलेल्या उद्या या" असं म्हणाले तर उद्या किती वाजता हे विचारा, नाहीतर दुसऱ्या दुकानातून पुऱ्या करा. मधे खंड पडायला नको. जनऔषधी केंद्रात यातल्या गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात. आहेत का ते आधी फोन करून विचारा.

तीन ठिकाणी लोक फसतात.

व्हॅलासायक्लोव्हिर आणि व्हॅल-गॅन्-सायक्लोव्हिर ही दोन वेगळी औषधं आहेत. दुसरं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना वगैरे देतात आणि त्याचे दुष्परिणाम बरेच कडक असतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दोन्ही नावं सारखी दिसतात. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव अक्षर अक्षर जुळवा, ब्रँडच्या नावावर जाऊ नका.

असायक्लोव्हिर २००, ४०० आणि ८०० अशी तिन्ही मिळते. ८०० नाही म्हणून ४०० दिली तर एका वेळी दोन घ्यायच्या हे पट्टीवर पेनाने लिहून घ्या.

आणि मलम. "गोळ्या गरम पडतात, मलमावर भागेल" हे वाक्य मी पेशवाईतल्या माणसाच्या तोंडी शोभेल इतक्या ठामपणे ऐकलंय. असायक्लोव्हिरच्या मलमाने नागीण आटोक्यात येत नाही. नसेपर्यंत ते पोहोचतच नाही.

६. वेळापत्रक आणि पाणी

पाच वेळा म्हटलं की लोक घाबरतात. चार-चार तासांनी, पण जागेपणीच घ्यायची असते. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. रात्री तीनला उठवायची गरज नाही. दिवसातून तीनदा असेल तर सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या. गोळी मोठी असते, गिळता येत नसेल तर फोडण्याआधी दुकानदाराला विचारा. असायक्लोव्हिरची पाण्यात विरघळणारी गोळीही मिळते.

मी दुसऱ्या खेपेला, म्हणजे उरलेला कोर्स कमी डोसवर सुरू झाला तेव्हा, साधी युक्ती केली. वहीचं पान फ्रिजवर लावलं, दिवसांचे रकाने, वेळांच्या ओळी. गोळी तोंडात गेल्यावरच टिक. आधी टिक करून "घेते हं नंतर" म्हटलेली गोळी सासूबाईंच्या पदराच्या गाठीत सापडली होती, म्हणून हा नियम.

एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

पाणी भरपूर लागतं, म्हणजे किती? ज्याला पाण्याचं बंधन नाही अशा माणसाने दिवसाला दोन ते अडीच लिटर धरावं. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, शिवाय "सारखं बाथरूमला जावं लागतं" म्हणून पावसाळ्यात ती मुद्दाम कमी पितात. सासूबाई दिवसभरात जेमतेम चार फुलपात्री पाणी पीत होत्या, हे आम्हाला नंतर मोजल्यावर कळलं. आता एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवतो, दुपारच्या चहापर्यंत ती संपलीच पाहिजे, मग दुसरी. ताक, पेज, सार यांचीही भर घालते. पण हृदय कमजोर असेल किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही, त्यांनाच विचारा.

७. दुखतंय म्हणून कोणतीही गोळी नको

नागीण आगीसारखी दुखते. घरात सांधेदुखीची पट्टी असतेच, पटकन ती दिली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांचा किडनीवर ताण येतो, आणि त्यात असायक्लोव्हिर चालू असेल तर दुहेरी. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.

नसेच्या दुखण्यासाठी प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेन्टिन देतात. या गोळ्यांनी पेंग येते, तोल जातो, आणि त्यांचाही डोस किडनी बघूनच ठरतो. सासूबाईंना प्रेगाबॅलिनही चालू होती, त्यामुळे गॅलरीतली माणसं कोणत्या गोळीने आणली याचा निवाडा रुग्णालयातही झाला नाही. दोन्ही थांबवल्या, सलाइन लावलं. तिथे क्रिएटिनिन २.४ निघालं. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्या मला नावाने हाक मारायला लागल्या, आणि मग उरलेला कोर्स कमी डोसवर पुरा केला.

दम्यासाठी थिओफायलीनच्या गोळ्या चालू असतील, गाउटसाठी प्रोबेनेसिड असेल, प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट असेल, तर ते आवर्जून सांगा. यातली काही या गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढवतात, काहींचं यांच्यामुळे वाढतं, काही मिळून किडनीला त्रास देतात.

८. फोड आणि घरातली माणसं

फोड फोडू नका. साध्या पाण्याने आंघोळ चालते, जागा टिपून कोरडी करा, जुन्या मऊ सुती साडीचं कापड सैल ठेवा. गेरू, चुना, टूथपेस्ट, कडुनिंबाचा लेप यातलं काही नको, जखम चिघळते आणि डॉक्टरांना नीट दिसतही नाही.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातलं पाणी लागून, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. खपली धरेपर्यंत ही काळजी. आमची नणंद सातव्या महिन्यात, डोहाळजेवणासाठी त्याच आठवड्यात यायची होती. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या हे सासूबाईंनाच पक्कं आठवत होतं, तरी तिच्या डॉक्टरांना विचारलं आणि कार्यक्रम दोन आठवडे पुढे ढकलला. गर्भवती, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस, यांना खपल्या धरेपर्यंत लांब ठेवा. टॉवेल वेगळा.

९. हे दिसलं तर उद्यावर टाकू नका

- कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. डोळा लाल नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस एकच आहे.
- कानात किंवा कानाच्या पाळीवर फोड, आणि तोंड एका बाजूला वाकडं होणं, कमी ऐकू येणं, चक्कर.
- गोंधळणं, भास, थरथर, तोल जाणं, खूप पेंग. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, फोन लागला नाही तर सरळ तातडीच्या विभागात जा.
- लघवी फार कमी होणं, कंबरेत वरच्या बाजूला दुखणं.
- फोड अंगभर पसरणं, किंवा तापासोबत मान ताठणं, प्रचंड डोकं दुखणं.
- अंगावर पित्त उठून ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला त्रास.

रुग्णवाहिकेसाठी १०८. सोबत सगळ्या पट्ट्या न्या.

नुसती मळमळ, थोडं डोकं दुखणं, एखादं पातळ शौचाला होणं, यासाठी कोर्स सोडू नका. डॉक्टरांच्या कानावर घाला आणि चालू ठेवा. आणि चौथ्या दिवशी फोड सुकले म्हणून गोळ्या बंद करणं हा तर आपला राष्ट्रीय छंद आहे. सात दिवस सांगितले तर सात म्हणजे सात.

१०. ओठावरचे फोड, गुप्तांगावरचे फोड

मला स्वतःला ताप येऊन गेला किंवा मे महिन्यात उन्हात फिरले की ओठाच्या कडेला फोडांचा गुच्छ येतो. त्यासाठी माझ्या डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर लिहून दिली: २ ग्रॅम आत्ता, २ ग्रॅम बारा तासांनी, बस. दुकानदार चिठ्ठी बघून म्हणाला, "ताई, ५०० च्या चार गोळ्या एकदम? नक्की?" मी घाबरून एक-एक घेत चार दिवस काढले आणि फोड जसाच्या तसा आला. ओठासाठी डोस मोठा, पण एकाच दिवसाचा असतो, आणि तो मुंग्या आल्यासारखं वाटताक्षणी घ्यायचा असतो. फोड फुटल्यावर घेऊन फारसं काही हाती लागत नाही. हाच डोस सासूबाईंच्या किडनीला चालला नसता. म्हणून घरात एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका, पट्टी तीच असली तरीसुद्धा.

ओठावर फोड असताना बारशाला गेलात तर बाळाचा पापा घेऊ नका. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

गुप्तांगावरच्या हर्पिसबद्दल लोक मुलुखाबाहेरचा डॉक्टर शोधतात आणि त्यात पहिले मोलाचे दिवस जातात. पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' असतं तोच डॉक्टर हा, आणि त्याला यात काही नवल नाही. पैशाची किंवा ओळखीची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत असतं, नाव गुप्त राहतं. तिथे हर्पिससाठी लाल रंगाचं ५ नंबरचं किट देतात, त्यात असायक्लोव्हिर ४०० च्या २१ गोळ्या असतात, दिवसातून तीन, सात दिवस. पुन्हा उठलं तर कोर्स लहान असतो. वर्षातून अनेकदा उठत असेल तर रोज कमी डोस बरेच महिने देतात. त्याने उठणं कमी होतं आणि जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही घटतो, शून्य होत नाही. निरोधचंही तसंच. फोड असताना संबंध नकोच. दिवस गेले असतील तर प्रसूतितज्ज्ञांना हे लपवू नका, शेवटच्या महिन्यात त्यांना गोळी द्यायची का, प्रसूती कशी करायची, हे ठरवायचं असतं.

११. कोर्स संपल्यावर

फोड गेले तरी दुखणं मागे राहू शकतं, वयस्कर माणसांत जास्त. तीन महिन्यांनंतरही राहिलं तर त्याचा वेगळा उपचार असतो आणि त्यावर या गोळ्या पुन्हा खाऊन उपयोग नाही. सासूबाईंचं दीड महिन्यात कमी झालं, ब्लाउजचा काठ मात्र अजून टोचतो म्हणतात.

तरुण वयात नागीण झाली, पुन्हा पुन्हा झाली किंवा एकाहून जास्त पट्ट्यांत आली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतील. रागावू नका, करून घ्या.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, शिंग्रिक्स नावाची. दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, आणि चांगलीच महाग. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात, पण अंगावर पुरळ असताना नाही. सासूबाईंनी किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "एवढ्यात एक बरी पैठणी येते." पहिला डोस दिवाळीनंतर घेतला. दुसऱ्याची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर आहे. त्याच कागदावर वजन, सगळ्या गोळ्यांची नावं आणि लाल पेनाने क्रिएटिनिन, तारखेसकट. दर सहा महिन्यांनी तो आकडा मी खोडून नवा लिहिते.